बारापैकी चार

पासिर रिस, १३ जुलै

कुशल,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. तुझी बायको, पूर्वी, मला म्हणाली, "ताई, पत्र आलं तर तो फाडणार नाही, फ्रिजवर ठेवून देईल." तेवढं मला चालेल.

तिच्यावर रागावू नकोस. मीच चार वेळा विचारलं, तेव्हा काल तिनं कळवलं. तुझ्या मालकीणबाईंनी, हेलनबाईंनी, नदीकडच्या दोन्ही पट्ट्यांतल्या पिनो द्राक्षाच्या वेली मुळासकट काढून टाकल्या म्हणे. नवऱ्यानं लावलेल्या, तीस वर्षांच्या वेली. धूर वेलीत राहत नाही, पुढच्या वर्षीचे घड स्वच्छ येतात, हे त्यांना तूच समजावलं असशील. बाई ऐकण्याच्या पलीकडे गेल्या असाव्यात.

आणि तुझं कळलं. टास्मानियाच्या उत्तरेकडच्या एका लहान वायनरीनं तुला येत्या हंगामासाठी बोलावलंय, ऑगस्टअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. माशांच्या फार्मवर जाणार आहेस. का, तर ज्याला स्वतःच्या बादलीतली राख कळली नाही त्यानं वाईन करू नये. पूर्वीनं आणखी एक लिहिलं. तू आमटी करतोस आणि चमचा जाईपुढे धरतोस, "मीठ झालं का सांग." ती आठ वर्षांची पोर "इट्स फाइन, बाबा" म्हणते. तू पुन्हा विचारतोस.

मी डायरी लिहिणारी बाई, मला सगळं क्रमानं मांडल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मण्यांत पाणी उतरत असताना, डोंगरापलीकडच्या वणव्याचा धूर तुमच्या खोऱ्यात उतरला आणि तीन आठवडे हलला नाही. प्रयोगशाळेची रांग महिन्याची होती. घड थांबणारे नव्हते. तू प्रत्येक पट्ट्यातली थोडी द्राक्षं तोडून बादलीत आंबवलीस आणि सहा लहान बाटल्या मला कुरियरनं पाठवल्यास, कारण वाईन आयात करणाऱ्या कंपनीत चाखून पास-नापास ठरवणं हे माझं काम. मी चाखलं. स्वच्छ होतं. तू तोडणी केलीस. वर्षभरानं बाटल्या उघडल्या तर प्रत्येक घोटाच्या शेवटी राख.

यात तुझी चूक नाही, एवढंच मला सांगायचंय. धुरातली द्रव्यं मण्यात शिरली की साखरेला चिकटून बसतात. आंबताना थोडी सुटतात, बाटलीत महिनोन्‌महिने सुटत राहतात. मी चाखलं तेव्हा नव्हती, नंतर आली. असं होतं. यात दोष कोणाचाच नाही.

त्या वायनरीला हो म्हण.

ताई

पासिर रिस, २६ जुलै

कुशल,

मागचं पत्र पोचलं, फ्रिजवर आहे, असं कळलं. त्यातलं एक वाक्य मला खुपत राहिलं. "दोष कोणाचाच नाही." मग मे महिन्यात हेलनबाईंनी विचारल्यावर मी त्यांना काय लिहिलं होतं?

तो ईमेल मी आज पुन्हा काढला. "मी चाखलेले नमुने निर्दोष होते. द्राक्षांची दाबणी जास्त झाली असल्यास किंवा आतून जास्त भाजलेली पिंपं वापरली असल्यास असा दोष वाढू शकतो. याबाबत तळघरातल्या नोंदी तपासाव्यात." यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते लिहिताना तासभर लावला होता, एकही वाक्य खोटं होऊ नये म्हणून. तळघर तुझं होतं. दाबणी तुझी, पिंपं तू निवडलेली.

बाईंनी तो छापून तुझ्यापुढे ठेवला, हे मला नंतर पूर्वीकडून कळलं. आणि त्याआधी महिनाभर तू त्यांना सांगत होतास, "चाखलं मी, ठरवलं मी." माझं नाव तू घेतलंच नव्हतंस. ते त्यांना दुसरीकडूनच कळलं होतं, कुरियरच्या पावतीवरून.

तू मला त्या दिवशी शेवटचा फोन केलास. ओरडला नाहीस. "ताई, पिंपं जुनी होती. चार वर्षं वापरलेली, भाजका वास कधीच गेलेला. तुला माहीत होतं," एवढंच म्हणालास. मला माहीत होतं. तूच फोटो पाठवले होतेस.

तिकडे आता छाटणी चालली असेल. तू पहिल्या वर्षी फोनवर म्हणाला होतास, "इथे वेल झोपते, ताई. नाशकात आपण तिला झोपूच देत नाही, दोन-दोन छाटण्या." थंडीत बोटं बधिर होतात तरी हातमोजे घालत नाहीस म्हणून पूर्वी तक्रार करायची. हेलनबाईंकडचं काम सुटल्यामुळे यंदा तू कोणाच्याच वेली छाटत नाहीयेस, हे डोक्यात येतं आणि मी दुसरं काही करायला लागते.

नवऱ्याचं मत निराळं. प्रताप परवा म्हणाला, "अगं, पूर्वीला फोन कर आणि काय ते सांगून मोकळी हो. पत्रं कसली पाठवतेस? या घरात स्टॅम्प आणणारी तू पहिली बाई." मी म्हटलं, फोनवर मला नीट बोलता येत नाही. तो हसला. "तुला? तुला नीट बोलता येत नाही?"

ताई

पासिर रिस, १५ ऑगस्ट

कुशल,

इथे भुतांचा महिना सुरू झाला. खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत लोखंडी पिंपं ठेवलीत, शेजारचे आजी-आजोबा त्यात कागदी नोटा, कागदी कपडे जाळतात, गेलेल्यांना पोचावेत म्हणून. राखेचे कपटे नवव्या मजल्यापर्यंत येतात. वरुण म्हणतो, "मा, क्लोज द विंडो लाह, स्मेल सो स्ट्राँग." वास मलाही येतो. नाकाचं माझं बरं आहे. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे कधी लागेल.

सकाळी खिडकीच्या कठड्यावर राख होती. बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. चाळीस वर्षांपलीकडची बाई, ऑफिसचा ड्रेस घालून, कठड्यावरची राख चाटतेय. जिभेला खरखर लागली, थोडं खारट. बाकी काही नाही. मग मी दात घासले आणि एमआरटीची लोकल पकडून तांजोंग पगारला ऑफिसात गेले आणि दिवसभर लोकांच्या वाईनवर सह्या केल्या.

आईचा नैवेद्याचा स्वयंपाक आठवतो तुला? चाखायची नाही. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही म्हणून मला हाक मारायची, "उल्के, वास घेऊन सांग, मीठ पडलंय का." मी पातेल्यावर वाकायचे आणि सांगायचे. कधी चुकले नाही. तू लहान होतास, बाजूला उभा राहून तोंड वासून बघायचास. पाहुण्यांसमोर आई सांगायची, "आमच्या पोरीचं नाक म्हणजे नाक." त्या नाकाच्या जोरावर मी मायक्रोबायॉलॉजीला गेले, त्याच्याच जोरावर इथे ही नोकरी मिळाली, आणि तुला तर तू नाशिकच्या वायनरीत लागलास तेव्हापासून माझ्या नाकापलीकडे काही दिसलंच नाही.

मी वासानं ओळखत नव्हते, कुशल. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गृहपाठ करत बसायचे. आईचा हात मिठाच्या बरणीकडे गेला की नाही ते तिथून दिसायचं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पोरवयाची गंमत म्हणून सोडून दिलं होतं. गंमत असती तर कधीतरी हसत सांगितली असती ना?

आता फोनचं लिहिते. मार्चची नऊ तारीख. तू म्हणालास, "ताई, तिसऱ्या बादलीत मला शेवटी राख लागते. गिळल्यावर. विझलेल्या चुलीत तोंड घातल्यासारखी. मग तशीच राहते."

मी म्हणाले, "कुशल, तू तीन आठवडे त्या धुरात उभा आहेस. तुला तुझ्या शर्टाचा वास येतोय."

तू हसलास. हायसं वाटल्यासारखा. "असेल बाबा. मग तोडू?"

"तोड."

तू दोन वेळा विचारलंस, "नक्की ना?" दुसऱ्या वेळी मी चिडले.

म्हणजे तुला राख कळली होती. सगळ्यांत आधी, एका बादलीत, एका घोटात. तू हे विसरला असशील तर म्हणून लिहिते. तुला कळली होती आणि मी ती तुझ्या जिभेवरून पुसली. त्या वायनरीला उत्तर देताना हे लक्षात घे.

अजून एक राहिलंय. आज लिहवत नाही.

ताई

पासिर रिस, २४ ऑगस्ट

कुशल,

राहिलेलं लिहिते. अर्ध्यात थांबले तर पुन्हा फाडेन; दोनदा फाडून झालंय.

तुझ्या बाटल्या यायच्या दोन वर्षं आधी इथे चाखणाऱ्यांचं एक प्रशिक्षण होतं. आम्ही नऊ जण. एकेक दोष मुद्दाम घातलेले ग्लास पुढे यायचे, ओळखून कागदावर लिहायचं. बुरशी, व्हिनेगर, कुजलेलं अंडं, सगळं मी पटापट ओळखलं. मग धुराचा ग्लास आला. मी घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला. नुसती वाईन. चांगली, लाल, चेरीसारखी वाईन. मी मान वर केली तर समोरच्या बाईनं तोंड वाकडं केलं होतं, शेजारचा माणूस पाण्याकडे हात नेत होता. मी तोंड वाकडं केलं. कागदावर लिहिलं: धूर, तीव्र.

शिकवणारा नंतर सहज म्हणाला, दर चार-पाच माणसांत एखाद्याला ही राख लागतच नाही. नाकाला धूर कळतो, पण तोंडात ती द्रव्यं सुटत नाहीत, किंवा सुटली तरी कळत नाहीत. यात कमीपणा काही नाही, फक्त स्वतःबद्दल माहीत असलेलं बरं, आणि अशा माणसानं धुराचे नमुने दुसऱ्याकडे द्यावेत. त्यानं हात वर करायला सांगितलं. एक तरुण मुलगा होता, त्यानं केला. सगळे हसले, तोही हसला. मी त्याच्याकडे बघून हसले.

म्हणजे तुझ्या बाटल्या आल्या तेव्हा मला माहीत होतं.

मी विसरले होते, असं स्वतःला सांगून बघितलं. वर्षभर तेच सांगत होते. पण मी डायरी लिहिते, कुशल. मागच्या वर्षीची वही माळ्यावरून काढली. नऊ मार्चची नोंद अशी आहे: "कुशलचे सहा नमुने. स्वच्छ. गार्गीला चाखायला द्यावेत का? नको. दोघी कशाला, असं विचारेल."

गार्गी म्हणजे आमच्या ऑफिसातली पुण्याची मुलगी, माझ्या हाताखाली शिकते. शेजारच्या टेबलावर बसते. सहा पावलं लागतात. मी ती सहा पावलं गेले नाही, कारण तिला राख लागली असती आणि मला लागली नसती, आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं असतं.

तू फोनवर राख म्हणालास तेव्हा तुझा चेहरा मला दिसत नव्हता. दिसला असता तर मी बहुधा "हो, लागतेय" म्हटलं असतं.

वायनरीला उत्तर देण्याआधी हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

ताई

पासिर रिस, ५ सप्टेंबर

कुशल,

पूर्वीचा मेसेज आला. तू एकोणतीस तारखेला त्या वायनरीला नकार कळवलास. सोमवारपासून माशांच्या फार्मवर जातोस, पहाटे निघतोस. माझी पहिली तीन पत्रं फ्रिजवर आहेत, न उघडलेली. चौथं तिसऱ्या तारखेला पोचलं.

चोवीसला टाकलेलं पत्र महिनाअखेरीस पोचणार नाही, हे मला माहीत होतं. आधीची तीन दहा दिवसांनी पोचली होती, मी तारखा लिहून ठेवते. मी ते पोस्टाच्या पेटीत टाकताना दिवस मोजले होते. "वायनरीला उत्तर देण्याआधी" असं लिहिताना मोजले होते. पूर्वीला फोन करून दोन मिनिटांत सांगता आलं असतं. प्रतापनं जुलैतच सांगितलं होतं. मला वाटत होतं मी पत्रं लिहितेय कारण कागदावर माणूस खरं बोलतो. कागद उशिरा पोचतो, म्हणून मी लिहीत होते.

काल रात्री जेवताना हे सगळं प्रतापला सांगितलं. त्यानं ताटातला भात कालवला. मग म्हणाला, "तू त्याला कबुली दिलीस. पण तुझ्या शब्दावर त्यानं आता का विश्वास ठेवायचा?"

त्याला उत्तर आज सुचलं आहे. जमलं तर पुढच्या आठवड्यात कळवेन, आणि या वेळी नुसतं पोस्टानं नाही, फोटो काढून पूर्वीच्या फोनवरही.

ताई

तांजोंग पगार, ११ सप्टेंबर

कुशल,

सोबत एक कागद आहे. तो आधी बघ.

राखेची गोष्ट कळायच्या आधी तू मला हौसेनं धुराच्या वर्षाच्या पिनोच्या सहा मोठ्या बाटल्या पाठवल्या होत्यास. दोन उरल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षीच्या, धुराआधीच्या, दोन होत्या. चारही काल ऑफिसला आणल्या. दुपारी तीनला गार्गीला म्हटलं, "तीन-तीन ग्लासांची परीक्षा लाव. बारा वेळा. दोन ग्लास एका वर्षाचे, एक दुसऱ्या वर्षाचा. वेगळा कोणता ते मी सांगायचं."

ती म्हणाली, "दर वेळी तुम्ही माझी परीक्षा घेता, उल्काताई. आज उलटी गंगा?"

"आधी तू चाख."

तिनं धुराच्या वर्षाचा एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावली. "श्शी! ताई, जळकं लाकूड चोखल्यासारखं! हे कोणी पास केलं?"

"मी."

तिला मी लाकडी आडोशाच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. का, ते तिला सांगितलं नाही. तुला कळेल.

रंग दिसू नये म्हणून काळे ग्लास घेतले. ग्लासांचा वास घेतला नाही, घोट तोंडात जाईपर्यंत नाकाला चिमटा लावला; दोन वर्षांच्या वाईन नाकाला वेगळ्या लागल्या असत्या आणि मी पुन्हा कुठूनतरी डोकावले असते. फक्त तोंड. पहिल्या तीन ग्लासांत मला कळलं, मधला. वाटलं, खरंच कळलं. दुसऱ्यात पहिला. तिसऱ्यात काहीच कळेना तरी सांगितलं. सातव्यानंतर पलीकडून आवाज आला, "ताई, थांबूया का?" माझी उत्तरं ऐकून तिला एव्हाना कळलं होतं.

"पाच राहिलेत."

"पण ताई…"

"ओत."

बारापैकी चार बरोबर. कागदावर तिची सही आहे, माझी आहे. तुला हिशोब माहीत आहे: तीन ग्लासांत डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही बारात चारच मिळतात. पहिल्या तीन ग्लासांतलं जे मला खरंच कळलं होतं, ते चुकलं होतं.

या कागदाची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. गेल्या तीन वर्षांतल्या धुराच्या भागातल्या वाईन, ज्यांच्यावर माझी एकटीची सही आहे, त्यांची यादी जोडली. साहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "उल्का, उद्यापासून चाखू नकोस." पुढचं ते ठरवतील. दुसरी प्रत ईमेलनं हेलनबाईंना गेली. त्यांना मी लिहिलं की पिंपं जुनी होती, मला माहीत होतं; कुशलनं नऊ मार्चला राख ओळखली होती आणि मी त्याला गप्प केलं. त्यांचं उत्तर आलं. एका ओळीचं. "त्यानं हे मला कधीच का सांगितलं नाही?" मी काय सांगणार? तू का सांगितलं नाहीस ते मला माहीत आहे.

उत्तरेकडच्या वायनरीलाही कागद पाठवणार होते. पूर्वी म्हणाली, "नको ताई. त्यांनी माणूस घेतला." मग पाठवला नाही.

तू मला माफ करावंस म्हणून हे नाही. ते मागितलं तर त्यातही मी तुझ्या तोंडाकडे बघेन.

माझ्याकडे ही चूक दाखवायला कागद आहे. तुझ्याकडे नव्हता, म्हणून तू स्वतःच्या जिभेला खोटं ठरवलंस. ती जीभ या सगळ्या गोष्टीत एकटी खरी होती. फार्मवरून आल्यावर आमटी करशील. चमचा जाईपुढे धरू नकोस. तिचं "इट्स फाइन" ती तुझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणते, कुशल. मी ओळखते ते.

मीठ तू चाख.

उल्का